कार्ड तेच, नाव बदललं

प्रश्न : ताई, आमच्या वाचनालयाच्या उबंटू सर्व्हरमध्ये नवी एनव्हीएमई डिस्क बसवली आणि तेव्हापासून नेटवर्कच बंद. कार्ड गेलं असं समजून नवं मागवतोय. बरोबर ना?
— एक वाचक, सांगली

उत्तर : थांबा, मागवू नका! आधी 'आयपी लिंक' ही कमांड द्या. कार्ड पूर्वी ईएनपी३एस० या नावानं दिसत असेल, तर आता बहुतेक ईएनपी४एस० दिसेल. नेटप्लॅनच्या (उबंटूत नेटवर्कची मांडणी ठरवणाऱ्या) फाइलीत जुनंच नाव राहिलंय, म्हणून कार्डाला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मिळत नाही.

ईएन म्हणजे इथरनेट, पी३ म्हणजे पीसीआयची (मदरबोर्डला कार्डं जोडणाऱ्या मार्गांची) ३ नंबरची बस, एस० म्हणजे तिच्यावरचा ० नंबरचा स्लॉट. तुमची डिस्कही पीसीआयवरच बसते. तिनं आधीचा नंबर घेतला की कार्ड पुढे सरकतं, आणि नावही. (पीसीआयवरच्या वस्तूंची यादी देणाऱ्या 'एलएसपीसीआय' कमांडमध्ये बसचा नंबर सोळाच्या पटीत असतो; तिथे '०ए' दिसलं तर नावात १० येतं, गोंधळू नका.)

तरी जागेवरून नाव द्यायची ही पद्धत मला मनापासून पटते. पूर्वी कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जे कार्ड आधी सापडेल ते ईटीएच०, नंतरचं ईटीएच१. एका रुग्णालयात रीस्टार्टनंतर दोन कार्डांची नावं अदलाबदल झाली आणि बाहेरच्या लाइनचे फायरवॉलचे नियम आतल्या लाइनला लागले. रात्री दोन वाजता मी एकेक केबल काढून कुठला दिवा विझतो ते बघत होते. २०१३मध्ये सिस्टमडीच्या (लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) १९७व्या आवृत्तीनं जागेवरून नाव द्यायला सुरुवात केली, ती याच त्रासामुळे. म्हणून कर्नलला सुरू होताना 'नेट.आयएफनेम्स=०' ही सूचना देऊन जुनी नावं परत आणा असं कुणी सुचवलं, तर दोन कार्डांच्या मशीनवर अजिबात करू नका.

तुम्ही कार्डाला स्वतःचं नाव द्या. नेटप्लॅनच्या फाइलीत त्या कार्डाच्या नोंदीत 'मॅच'खाली त्याचा मॅक अ‍ॅड्रेस (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, 'आयपी लिंक'मध्येच दिसतो) लिहा आणि 'सेट-नेम'पुढे 'लॅन०' (अर्थात इंग्रजी अक्षरांत). ईटीएच० हे नाव घेऊ नका, ते कर्नल स्वतः वापरतं. नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा. ओळी आत सरकवताना टॅब नको, स्पेसच द्या. अर्ध्या चुका तिथेच होतात. मग रीस्टार्ट करा, पण लांबून नको, मशीनसमोर बसून.

पुढे कधी खरंच कार्ड बदललंत, तर मॅक अ‍ॅड्रेसची तेवढी ओळ बदला.