पाटीवरचं वाक्य कुणाचं?

प्रश्न : ताई, नमस्कार. लंडनहून साताऱ्यात आलेली वाघनखं आम्ही सहकुटुंब पाहिली. ती तीनच वर्षांसाठी आहेत हे कळल्यावर मन खट्टू झालं. मुंबईत परदेशी संग्रहालयांबरोबर ‘संयुक्त’ प्रदर्शनं होतात म्हणे. ज्यांनी आपल्याकडच्या वस्तू नेल्या, त्यांच्याचकडून उसन्या आणायच्या, यात संयुक्त ते काय? लेक वस्तुसंग्रहालयशास्त्र शिकते आहे, म्हणून विचारतो.
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचं मन खट्टू झालं, यात काहीच चुकलं नाही. कितीही प्रदर्शनं झाली तरी त्यांनी मालकीचा प्रश्न सुटत नाही. ब्रिटिश म्युझियमला तर १९६३ च्या कायद्याने संग्रहातली वस्तू कायमची देऊन टाकायला फारच थोडी मोकळीक ठेवली आहे. तो वाद चालू राहिलाच पाहिजे.

पण उसनवारी वेगळी आणि संयुक्त काम वेगळं. उसनवारीत पेटी येते, करारावर सह्या होतात, मुदत संपली की पेटी परत जाते. संयुक्त कामात कोणती वस्तू कुणाशेजारी ठेवायची आणि खालच्या पाटीवर काय लिहायचं, हे दोन्हीकडची माणसं भांडून-समजावून ठरवतात.

नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात भारत आणि जग यांचा इतिहास नऊ गोष्टींतून सांगणारं प्रदर्शन भरलं होतं. मुंबईचं हे संग्रहालय, दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय आणि ब्रिटिश म्युझियम असे तिघे त्यात होते. मांडणी ठरवणारे दोघे, दिल्लीचे नमन आहुजा आणि लंडनचे जे. डी. हिल. दोनशेवर वस्तूंपैकी शंभरावर लंडनच्या, आणि आपल्याकडच्या निरनिराळ्या संग्रहांतल्याही शंभराच्या घरात. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते, तरी तीनदा गेले. डच चित्रकार रेम्ब्राँने काढलेलं जहांगीराचं रेखाचित्र तिथे मुघल लघुचित्रांच्या सोबतीने मांडलं होतं. रेम्ब्राँ कधी हिंदुस्थानात आला नाही. हॉलंडमध्ये पोचलेली मुघल चित्रं समोर ठेवून, आशियातूनच आलेल्या कागदावर, त्याने ती उतरवून घेतली. युरोपचा एवढा मोठा चित्रकार इथल्या चित्रकारांकडून शिकत होता, हे तिथे डोळ्यांना दिसत होतं. तेच रेखाचित्र लंडनच्या एखाद्या दालनात एकटं टांगलं असतं, तर बघणारा फक्त रेम्ब्राँ बघून पुढे गेला असता.

माझी सगळी नोकरी संग्रहालयात, वस्तूंच्या जतनाच्या टेबलावर गेली, म्हणून तिथलंही थोडं सांगते. बाहेरून पेटी आली की ती लगेच उघडायची नसते. एक दिवस ती दालनाच्याच हवेत बंद ठेवायची, नाहीतर लाकूड, हस्तिदंत एकदम ओल धरतं किंवा सोडतं. मग त्यांच्याकडून सोबत आलेला माणूस आणि आपण शेजारी उभे राहतो. टॉर्च आडवा धरला की केसाएवढी चीरही सावली टाकते. प्रत्येक चीर, प्रत्येक टवका फोटोवर खुणावून दोघांनी सही करायची. तुम्ही कोणत्या देशाचे, हे त्या तासाभरात कुणाच्या मनात येत नाही. जे दिसतं तेवढंच दोघे लिहितात.

पाटीच्या बाबतीत तसं होत नाही. एका परदेशी संस्थेकडून आम्हाला तयार पाट्यांचा मजकूर आला, ‘भाषांतर करून लावा’ म्हणून. लज्जागौरीच्या मूर्तीखाली एकच शब्द, ‘प्रजननदेवता’. जिला हळदकुंकू वाहतात, मूल व्हावं म्हणून जिच्यापुढे ओटी भरतात, ती एका शब्दात संपवली होती. मी सही करायला नकार दिला. दीड महिना पत्रं गेली-आली. शेवटी पाटीवर ओटी आली, पण तिकडच्या पुस्तिकेत जुनाच शब्द छापला गेला. ती सल अजून आहे.

असं होतं तेव्हा दोष नेहमी समोरच्याचाच नसतो. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यातल्या कपाटांत काय आहे, हे आपल्यालाच नीट ठाऊक नसतं. ज्वालामुखीने गाडलेल्या पॉम्पेई या इटलीतल्या रोमन शहराच्या राखेत १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी नातं सांगणाऱ्या मूर्ती आपल्या मराठवाड्यात तेरला आणि भोकरदनला सापडल्या. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती निघाली. रोमन जगातून ती सह्याद्री ओलांडून आत आली! या व्यापाराची गोष्ट एकट्या इटलीला पुरी सांगता येणार नाही, आणि एकट्या महाराष्ट्रालाही नाही. नेपल्सशी बोलायला बसायचं, तर तेरची नोंदवही आपल्याला तोंडपाठ हवी.

म्हणून लेकीला सांगा, परदेशी प्रशिक्षणाचा अर्ज जरूर कर. ब्रिटिश म्युझियमचा आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रम २००६ पासून चालू आहे, थोडी वर्षं नोकरी झाली की तिकडे बघावं. पण त्याआधी एखाद्या लहान संग्रहालयात बसून जुन्या नोंदी वाचायला शीक. वस्तू कुठल्या गावची, कुणी दिली, तिथे तिला काय म्हणतात, हे लिहून काढ. हे काम तिच्यासाठी दुसरं कुणी करणार नाही.

कोल्हापूर तुम्हाला लांब नाही. येत्या सुटीत तिला टाउन हॉल संग्रहालयात न्या आणि तो पोसायडन दाखवा. त्याच्यासाठी पाच ओळींची पाटी तिने मराठीत लिहावी आणि मला पाठवावी. मी लाल शाईने तपासून परत पाठवीन.