लुसाकात कॉलरा दरवेळी ठरावीक वस्त्यांतच का पसरतो?

मुख्य कारण जमिनीखाली आहे. झांबियाची ही राजधानी बरीचशी चुनखडी आणि डोलोमाइट या खडकांवर वसली आहे. कन्यामासारख्या दाट वस्तीत थोडं खणलं की खडक लागतो, त्यामुळे संडासाचा खड्डा खोल जात नाही. नोव्हेंबर ते एप्रिलच्या पावसात हे खड्डे तुडुंब भरतात आणि मैला खडकाच्या भेगांतून थेट शेजारच्या उथळ विहिरीत. मातीतून पाणी गाळलं जातं, भेगांतून नाही. म्हणूनच ‘संडासापासून विहीर ३० मीटर लांब’ हा नियम इथे भरवशाचा नाही.

ऑक्टोबर २०१७ला सुरू झालेली साथ चिपाटा आणि कन्यामा वस्त्यांत पेटली. जानेवारी २०२४च्या साथीत तर शहरातल्या हीरोज स्टेडियममध्येच उपचार केंद्र उघडावं लागलं.

साथीचा नकाशा काढणार असाल तर ठिपका रुग्णाच्या घरावर द्या, उपचार केंद्रावर नको. नाहीतर साथ केंद्राभोवतीच दिसते (ही चूक सर्रास होते). तारीख लक्षणं सुरू झाल्याची घ्या, दाखल झाल्याची नव्हे. विहिरींसोबत सार्वजनिक नळही दाखवा. आणि पाणी तपासायचं ते घरातल्या भांड्यातलं: नळाला क्लोरीन असतं, पण उघड्या बादलीत ते लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की संरक्षण संपलं.