काड्यांचा पूल आडवा का पडतो?

प्रश्न: आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल केलाय, वजन ठेवलं की मधेच पिळवटून एका बाजूला पडतो, काडी मात्र एकही तुटत नाही. काय चुकतंय?

उत्तर: काडी तुटत नाही ना, मग दोष आकाराचा. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण मात्र तिरका होत नाही, म्हणून प्रत्येक चौकोनात एक तिरपी काडी टाकाच. वरच्या काड्यांवर दाब येतो आणि त्या वाकतात, खालच्या नुसत्या ताणल्या जातात, त्यामुळे डबल काड्या वर लावा, आणि दाबातल्या काडीची मोकळी लांबी, म्हणजे दोन सांध्यांमधली, अर्धी केली तर ती वाकायला साधारण 4 पट जोर लागतो बरं का! पुलाच्या दोन्ही बाजूंच्या फ्रेम वरून एकमेकींना काड्यांच्या फुल्या मारून बांधा, पिळवटणं तिथेच थांबेल. गम पातळ लावून चिमट्यात रात्रभर ठेवा, मी एकदा घाई केली तर सांधा सालीसारखा सोलून हातात आला.