८१ आरचे १८ आर झाले: सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त कशी करायची?

प्रश्न: वडिलांनी १९८७ मध्ये नोंदणीकृत खरेदीखताने एका गटातली ८१ आर जमीन घेतली. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर ८१ आरच आहे, संगणकीकृत सातबाऱ्यावर मात्र १८ आर दिसते. खरेदीखतात आणि सातबाऱ्यावर वडिलांचं नाव ‘दत्तू’ आहे. आधार, मृत्यूचा दाखला सगळीकडे ‘दत्तात्रय’. वडील गेल्या वर्षी वारले, वारस नोंद अजून झालेली नाही. जमीन आम्हीच कसतो. गटाचा उरलेला भाग विकणाऱ्याच्या मुलांकडे आहे. ती आता म्हणतात, “सातबाऱ्यावर अठराच आहे.” एक एजंट सांगतो, त्यांच्याकडून उरलेल्या क्षेत्राचं नवं खरेदीखत करून घ्या. करावं का?

उत्तर: अजिबात करू नका. वडिलांनी पैसे मोजून घेतलेली जमीन तुम्ही पुन्हा विकत घेतलीत, तर पहिल्या खतात ती आलीच नव्हती असं तुम्हीच लिहून दिल्यासारखं होईल. मुद्रांक शुल्क जाईल ते वेगळंच.

तुमची मालकी खरेदीखतातून आलेली आहे, सातबाऱ्यातून नाही. फेरफार नोंदीने, म्हणजे महसूल दफ्तरात हक्क बदलल्याची जी नोंद होते तिने, मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सावर्णी विरुद्ध इंदर कौर (१९९६) या निकालात आणि त्यानंतरही अनेकदा सांगितलं आहे. पण म्हणून निर्धास्त राहू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदणीतली, म्हणजे सातबारा-फेरफारावरची नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. आज ते गृहीतक विकणाऱ्याच्या मुलांच्या बाजूने आहे.

क्षेत्राची चूक आणि नावाची चूक एकाच अर्जात कोंबू नका. क्षेत्राच्या बाबतीत खरेदीखत बरोबर आहे, उतरवताना आकडे उलटे पडले. त्यासाठी संहितेचं कलम १५५ आहे आणि अर्ज तहसीलदारांकडे करायचा. या कलमाखाली लेखनप्रमाद केव्हाही दुरुस्त करता येतो, त्यामुळे इतकी वर्षं गेली म्हणून घाबरू नका. संबंधितांनी कबूल केलेली चूकही याच कलमाखाली दुरुस्त होते, पण समोरचे कबूल करणार नाहीत हे दिसतंच आहे. म्हणजे सगळी भिस्त ‘ही केवळ लिहिण्यातली चूक आहे’ हे दाखवण्यावर.

ते कागदांनीच दाखवता येतं. खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा), खरेदीचा फेरफार, तेव्हापासून संगणकीकरणापर्यंतचे सगळे हस्तलिखित सातबारे, खाते उतारा म्हणजे आठ-अ, आणि भूमि अभिलेख कार्यालयातला आकारबंद (गटाचं क्षेत्र आणि आकारणी दाखवणारा मूळ तक्ता), या सगळ्यांच्या प्रमाणित नकला काढा. मग ८१ चा आकडा शेवटचा कुठल्या कागदावर दिसतो आणि १८ पहिल्यांदा कुठल्या कागदावर येतो, ते स्वतः शोधा. वकील लावलात तरी हे काम आधी तुम्हीच करा.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी: तुमचे कमी झालेले ६३ आर गेले कुठे? गटातल्या सर्व खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज करून ती गटाच्या एकूण क्षेत्राशी ताडून पाहा. बेरीज ६३ आरने कमी भरली, तर चूक सातबाराच ओरडून सांगतोय. तहसीलदारांनाही आणखी फारसं काही लागणार नाही. पण तेच ६३ आर विकणाऱ्याच्या मुलांच्या खात्यावर चढलेले दिसले, तर त्यामागे एखादा फेरफार आहे का ते बघा. असेल तर हा लेखनप्रमाद राहत नाही. मग त्या फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील आणि सोबत विलंब माफीचा अर्ज, हा मार्ग. चूक मुळात एकत्रीकरण योजनेतली (तुकडे जोडून गट पाडले तेव्हाची) निघाली, तर ती वेगळ्या कायद्याखाली भूमि अभिलेख खात्याकडून दुरुस्त होते. तुमच्या जुन्या सातबाऱ्यावर ८१ आहे, त्यामुळे तशी शक्यता मला कमी वाटते.

अर्ज दीड पानाचा पुरे. “मालकी ठरवून मिळावी”, “त्यांनी बांध कोरला” असलं काही त्यात घालू नका. असे अर्ज आपल्याच हाताने वाद उभा करतात, आणि ‘मालकीचा वाद आहे, दिवाणी न्यायालयात जा’ असा शेरा मारून तहसीलदार मोकळे होतात. समोरच्यांना नोटीस निघेल, ते हरकत घेतील. नुसत्या हरकतीने लेखनप्रमादाचा मालकीचा वाद होत नाही, हे सुनावणीत ठासून सांगा. तरीही अर्ज फेटाळला गेला, तर प्रांतांकडे ६० दिवसांत अपील करता येतं. आणि त्यांनी लेखी म्हणण्यात तुमची मालकी साफ नाकारली, तर ती तारीख जपून ठेवा. मालकी घोषित करून मागण्याच्या दाव्याला हक्क नाकारला गेल्यापासून ३ वर्षांची मुदत असते.

नावाची चूक खुद्द खरेदीखतात आहे, आणि खताला तहसीलदार हात लावू शकत नाहीत. त्यासाठी चूक दुरुस्ती लेख लागतो, म्हणजे पुन्हा त्याच मुलांच्या सह्या. माझ्या मते त्यांच्या दारात जायचं कारण नाही. ‘दत्तू’ आणि ‘दत्तात्रय’ ही एकच व्यक्ती, एवढंच दाखवायचं आहे. वडिलांचा शाळेचा दाखला, तुमचं प्रतिज्ञापत्र आणि गावातल्या जाणत्या माणसांचे जबाब वारस नोंदीच्या अर्जाला जोडा. नोंद प्रमाणित झाली की तुमच्या नावापुढे ‘दत्तात्रय’ लागेल आणि प्रश्न बहुतेक मिटेल. ते प्रतिज्ञापत्र मात्र खरेदीखतासोबतच ठेवा, पुढे जमीन विकताना घेणाऱ्याचा वकील विचारणारच.

वारस नोंद आधी करा, म्हणजे १५५ चा अर्ज सातबाऱ्यावर नाव असलेल्यांच्या सहीने जाईल. वारसांत आई आणि सगळ्या बहिणी आल्या पाहिजेत, लग्न झालेल्याही. नाव वगळलेली बहीण उद्या हरकत घेईल, आणि तिचं बरोबर असेल.

हे होईपर्यंत सरकारी मोजणी मागवू नका. आज अर्जाला १८ आरचाच सातबारा जोडावा लागेल. दुरुस्तीचा आदेश होऊन त्याचा फेरफार नोंदला गेला, की मग मोजणीचे पैसे भरा.