टाकी किती लिटरची, हा प्रश्नच नाही

प्रश्न : साहेब, घरचा पिकअप आहे. भाजी, खत आणि गुळाचे रवे सोडले तर दुसऱ्या कुणाचं भाडं मारत नाही. मूळ टाकी लहान पडते. उद्यमनगरातला एक मिस्त्री भंगारातल्या ट्रकची १०० लिटरची टाकी केबिनच्या मागं बसवून देतो म्हणतोय. निपाणीला जाऊन स्वस्तात फुल्ल करायची, असा बेत आहे. किती लिटरपर्यंत कायद्यात बसतं?
– एक वाचक, कागल

उत्तर : लिटरचा आकडा शोधू नका, सापडायचा नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ एवढंच म्हणतं, की कंपनीनं गाडी जशी बनवली आणि आरसीवर जशी चढली, त्यात परस्पर बदल करायचा नाही. शंभरची असो नाहीतर वीसची, मिस्त्रीनं जोडलेली टाकी हा बदलच. गाडी घरची, भाड्याची नाही, याची सूट मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. ‘प्रत्येक’ हा शब्द नीट वाचा. हौद्याच्या फळ्या वाढवल्या असतील तर तो हिशेब वेगळा. (वाढवल्यात ना?)

मी वाहन निरीक्षक असताना एक टेम्पो पासिंगला आला होता. जादा टाकी हौद्याखाली, रंगबिंग मारून झकास. वाकून हात घातला तर रबरी नळी चॅसीच्या कडेला घासून अर्धी कापलेली, सायलेन्सर वीतभर अंतरावर. नळी दोन बोटांत दाबली, बोटं ओली झाली. मालक म्हणतोय, “दोन वर्षं काय झालं नाही की साहेब!” अशी गाडी पेटली तर विमा कंपनी पहिल्यांदा आरसी आणि टाकी पडताळून बघते.

वजनाचंही बघा. १०० लिटर डिझेल म्हणजे ८३ किलोच्या आसपास, वर टाकीचं लोखंड. तेवढा गूळ कमी भरावा लागणार.

आता गंमत ऐका. तेच डिझेल कॅनमध्ये चालतं! पेट्रोलियम कायदा १९३४ नुसार डिझेल ‘ब’ वर्गात. एकूण २,५०० लिटरपर्यंत, आणि एका भांड्यात १,००० लिटरहून जास्त नाही, एवढं पाळलं तर ठेवायला-न्यायला परवाना लागत नाही. पेट्रोलचं गाडं मात्र ३० लिटरलाच अडतं. तेव्हा ट्रॅक्टरसाठी घट्ट झाकणाचे पत्र्याचे कॅन हौद्यात बांधून आणा, कुणी अडवायचं कारण नाही. फक्त गाडीच्या इंजिनाला नळी जोडू नका.

निपाणीचं म्हणाल तर तो जुना हिशेब झाला. कर्नाटकनं १ एप्रिल २०२५ पासून डिझेलवरचा विक्रीकर २१.१७ टक्के केलाय. दोन्हीकडच्या पंपांवरचा भाव बघा, मग जाण्या-येण्याचं डिझेल वजा करा.

मिस्त्रीला ॲडव्हान्स दिला असेल तर त्याच पैशात मूळ टाकीचा फ्लोट (डिझेल किती उरलंय ते काट्याला सांगणारा तरंगता गोळा) तपासून घ्या. ‘टाकी लहान पडते’ म्हणत माझ्याकडं आलेल्या बऱ्याच गाड्यांचा काटाच खोटं बोलत होता.