आठ महिन्यांचा लॅब्रॅडॉर मधूनच मागचा पाय आखडतो, दवाखान्यात न्यावा का?

हो, न्या. उठल्यावर पाय ताठ आणि थोड्या वेळाने पुन्हा अंगणभर धिंगाणा, असं असलं तरी अंगावर काढू नका. मोठ्या जातीच्या पिल्लांत साधारण ५ ते १८ महिन्यांत हाडांच्या आत सूज येते, तिला पॅनोस्टायटिस म्हणतात. आज हा पाय, काही दिवसांनी दुसरा. वयाबरोबर ते थांबतं. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याचा सांधा सैल असू शकतो, त्याला एक्स-रेच लागतो. आणि आपल्या जळगाव-धुळ्याकडे शेजारी गोठा असतोच, तेव्हा कानात, बोटांच्या फटीत गोचीड बघा. गोचीडतापातही सांधे आखडतात. रक्त तपासून घ्या.

दवाखान्यात पोचल्यावर गडी हमखास नीट चालतो! म्हणून घरीच मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मुख्यतः गायी-म्हशींचं काम, एक्स-रे आहे का ते आधी फोनवर विचारा. तोवर जिना, उड्या बंद. माणसांची आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अजिबात देऊ नका, कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, किडनी बिघडते. मनाने कॅल्शियमही नको. पाय टेकवेनासा झाला, ताप आला किंवा खाणं सोडलं, तर त्याच दिवशी गाठा.