टेम्पोच्या धडकेत पाय मोडला, विमा कंपनी दीड लाखात प्रकरण मिटवा म्हणते. पैसे घ्यावेत की वकील करावा?

आपण लिहिले आहे की साडेतीन महिन्यांपूर्वी उलट दिशेने आलेल्या टेम्पोने आपल्या मोटारसायकलला धडक दिली, मांडीच्या हाडात रॉड बसवावा लागला, आपले वय 34 आहे, वायरमनच्या कामातून महिन्याला साधारण 20,000 रुपये मिळत होते आणि अपघाताच्या वेळी डोक्यावर हेल्मेट नव्हते. मी सातारा जिल्ह्यात मोटार अपघाताचे दावे चालवतो. त्या अनुभवावरून सांगतो, विमा कंपनीने दिलेल्या, ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या तडजोडीच्या कागदावर आत्ता सही करू नका.

दीड लाख हा आकडा कशावरून आला असेल, याचा मला अंदाज आहे: दवाखान्याची बिले आणि वर थोडेसे. परंतु आपले खरे नुकसान बिलांत दिसत नाही, ते पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या कामात आहे. अपघात भरपाईचे दावे ऐकणारे न्यायाधिकरण ते कसे मोजते पाहा. महिना 20,000 म्हणजे वर्षाला 2,40,000 रुपये. स्वतःचा व्यवसाय असलेल्या चाळिशीच्या आतील माणसासाठी भविष्यातील वाढ म्हणून त्यात 40 टक्के मिळवले की 3,36,000 होतात. वार्षिक कमाईला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात; 31 ते 35 या वयोगटाचा गुणक 16, म्हणजे 53,76,000. या रकमेला कमाईची क्षमता जितके टक्के घटली तितक्याने गुणायचे. घट 10 टक्के मानली तर 5,37,600 आणि 30 टक्के मानली तर 16,12,800 रुपये. उपचारांचा खर्च, घरी बसून गेलेल्या महिन्यांची बुडालेली कमाई आणि वेदनांची भरपाई ही याहून वेगळी.

म्हणून सगळी लढाई त्या एका टक्केवारीची असते. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रातील टक्के म्हणजेच कमाईतील घट असे नाही. माणूस कोणते काम करत होता आणि आता त्यातले काय करू शकत नाही हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात स्पष्ट केले आहे. माझ्या एका दाव्यात अर्जदार गवंडी होता. एका पायाचे 25 टक्केच अपंगत्व आहे आणि माणूस चालत साक्षीला आला आहे, यावर समोरच्या वकिलांचा भर होता. मी त्याला विचारले, भिंतीचा खालचा फूटभर गिलावा कसा करता? तो म्हणाला, “उकिडवं बसून करायचो. आता बसलो तर उठताना भिंत धरावी लागते, आन् भिंत तर ओली असते.” यापेक्षा चांगला पुरावा मला कोणत्याही प्रमाणपत्रातून मिळाला नसता. त्याच्याकडे पगाराची पावती नव्हती, पण ठेकेदाराची हजेरीची वही आम्ही हजर केली आणि ठेकेदाराची साक्ष घेतली. आपणही शिडीवर चढता येते का, किती वेळ उभे राहता येते, कोणती कामे सोडावी लागली, हे आजपासून तारखेनिशी लिहून ठेवा. ज्यांच्याकडे कामे केलीत त्यांची बिले आणि बँकेतील जमा रकमाही गोळा करा.

हेल्मेट नव्हते म्हणून भरपाई कापली जाईल, ही भीती विनाकारण आहे. हेल्मेट न घालणे कायद्याने चूकच आहे, पण हेल्मेटने मांडीचे हाड वाचले नसते. नियम मोडल्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली, हे दाखवल्याशिवाय भरपाई कापता येत नाही. मोटारसायकलवर तिघे बसल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हीच भूमिका घेतली.

आपल्या बाबतीत खरी चिंता मुदतीची आहे. मोटार वाहन कायद्यातील 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा असतो. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असले तरी त्या भरवशावर राहू नका. पोलिसांनी 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावा असा नियम आहे आणि तो अहवालच अर्ज म्हणून धरता येतो; तो गेला का, हे ठाण्यात जाऊन विचारा, पण स्वतःचा अर्ज थांबवू नका. आपण राहता त्या भागातील न्यायाधिकरणातही तो करता येतो, आणि व्याज अर्जाच्या तारखेआधीचे मिळत नसल्याने प्रत्येक महिन्याच्या उशिराने आपलेच नुकसान होते. पुढे तडजोड करावीशी वाटली तर ती न्यायाधिकरणासमोर किंवा लोकअदालतीत करा. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून रक्कम पटल्याशिवाय तिथेही हो म्हणू नका.

वकील जरूर करा. भरपाईत टक्केवारी मागणाऱ्याकडे मात्र जाऊ नका, कारण वकिलांना तसा करार करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा; उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असणाऱ्यांना आणि अपंग व्यक्तींना तिथे मोफत वकील मिळतो. जाताना फिर्यादीची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, टेम्पोच्या विम्याची प्रत, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि औषधांच्या मूळ पावत्या सोबत न्या.